आत्याबाईंचे डोळे, माझा पाय

पाय मोडण्याआधी आमचं संडास-बाथरूम परसात आहे याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मागचं दार उघडायचं, पायऱ्या उतरायच्या, फरशी ओलांडली की आलंच. पाय मोडला आणि ते आटपाडीइतकं लांब गेलं. मग माझ्या खाटेशेजारी कमोडची खुर्ची आली, आणि त्या खुर्चीखालचं भांडं रोज सकाळी माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, परसात नेऊन ओतायला लागल्या.

त्यांचं वय ऐंशीच्या घरातलं. एका हातात झाकण घातलेलं भांडं, दुसरा हात भिंतीवर. भिंत संपली की दाराची चौकट, चौकट संपली की पाण्याच्या टाकीचा काठ. असं चाचपत त्या जायच्या, कारण त्यांना नीट दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळायचा, डाव्याला माणसांच्या आकृत्या. सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. ती तारीख तोंडावर आली असताना मी स्कूटीवरून पडले आणि आत्याबाईंनी जायचं रद्द केलं.

"तू चुलीपाशी हुबी ऱ्हायलीस की मी जाते," त्या म्हणाल्या. "तवर डोळं कुठं पळून जात न्हाईत."

डोळे पळूनच चालले होते. माझ्या मिस्टरांना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मोतीबिंदू फार पिकू दिला तर आत दाब वाढतो आणि मग ऑपरेशन करूनही नजर येईलच असं नाही. म्हणजे माझा पाय जितका उशीर लावणार तितकी आत्याबाईंची नजर जाणार, इतकं ते सरळ होतं. मी त्या खुर्चीवर बसलेली असायचे, त्या दाराबाहेर उभ्या राहून "झालं का गं?" विचारायच्या, आणि मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटायचं.

मी एका हायस्कूलच्या ऑफिसात मुख्य लिपिक आहे. परीक्षेची बैठकव्यवस्था, दाखले, सहलीच्या याद्या, सगळं माझ्याकडे. घरातही तसंच. दळण कधी, गॅस कधी, पाहुण्यांच्यात कुणाचं काय, सगळं लिहून फ्रीजवर. लोक मला चेष्टेने "कॅलेंडर" म्हणतात आणि मला ते आवडायचं.

पडले तीही माझ्या स्वभावाला न शोभणारी गोष्ट. थंडीत आमच्या आष्ट्याकडे ऊसतोड जोरात असते. फडातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पसरतो, त्यावर दव पडतं आणि सकाळी रस्ता साबण चोळल्यासारखा होतो. दर वर्षी शाळेच्या सूचनाफलकावर मीच लिहिते, "सायकली सावकाश चालवा." त्या दिवशी मला उशीर झाला होता. गुडघ्याच्या लगेच खालचं हाड फुटलं. सांगलीला ऑपरेशन झालं, प्लेट बसली, स्क्रू बसले, आणि पुढची सूचना मिळेपर्यंत उजवा पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावून मला घरी पाठवलं.

घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर याद्या. खाटेवरून घर चालवायचं ठरवलं. पण मिस्टर दिवसभर ऊसतोडीच्या मागे रानात, आणि आत्याबाईंना वाचता येत नाही. येत असतं तरी दिसलं नसतं. याद्या भिंतीवरून माझ्याकडेच बघत बसल्या.

भांड्यासाठी बाई ठेवावी असंही सुचवून पाहिलं. तोडीच्या दिवसांत बायका मिळत नाहीत हे एक, आणि दुसरं म्हणजे आत्याबाई कडाडल्या. "परक्या बाईला घरातलं असलं दावायचं? लाज हाय का न्हाई?" मिस्टरांनी एकदा स्वतः भांड्याला हात घातला तर "गड्यानं नगं" म्हणून त्यांनी ते ओढून घेतलं. फौजेतल्या नवऱ्याच्या माघारी एकटीने शेत आणि घर सांभाळलेली बाई. तिच्याशी वाद घालणं या घरात कुणाला जमलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर परकी बाई मलाही नकोच होती. आत्याबाईंनी नाही म्हटलं तेव्हा मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची शरम मला आजही वाटते.

फिजिओथेरपीच्या मॅडम सांगलीहून आठवड्यातून एकदा यायच्या. माझ्या भाचीच्या वयाच्या, बोलायला चटपटीत. मधल्या दिवसांत मी काय करायचं ते मोबाइलवर व्हिडिओ करून पाठवायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मिस्टरांची जुनी पायजमा-पँट मागितली. साडीत व्यायाम होत नाही. पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि मी माझा पाय पहिल्यांदा उजेडात नीट पाहिला. मांडी अर्धी उरली होती. कातडी सैल, टाक्यांची जांभळी रेघ, आणि डाव्या पायाशेजारी तो कुणा दुसऱ्याच माणसाचा पाय ठेवल्यासारखा. मॅडमनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली आणि म्हणाल्या, "आता ही खाली दाबा."

मी दाबली.

"दाबा, काकू."

"दाबतेय की."

"नाही, तुम्ही दात दाबताय."

खरंच दात दाबत होते. मांडी जागची हलत नव्हती. मी मनातून हुकूम सोडत होते आणि पाय तो हुकूम ऐकून घेत नव्हता. शाळेत शिपाई एका हाकेत येतो, आणि माझ्याच मांडीला मी तासभर हाका मारतेय. मॅडमनी मांडीवर दोन बोटं ठेवली आणि "इथून, इथून" असं टकटक केलं, तेव्हा कुठे आत बारीकसं काहीतरी आवळलं. त्या एवढ्या खूश झाल्या की मला रडू आलं.

दाराशी बसलेल्या आत्याबाईंना यातलं फक्त ऐकू येत होतं.

"दोघी मिळून टावेल दाबताय व्हय?" त्या म्हणाल्या. "आमी बाळंतपणातनं उठून रानात भांगलणीला जायचो. झोपून कसला व्यायाम म्हणायचा ह्यो!"

त्यांना माझा पाय दिसत नव्हता. त्यांच्या लेखी सून खाटेवर पडून होती, एवढंच.

हळूहळू व्यायाम वाढले. पाय सरळ ठेवून उचलायचा. टाच गादीवरून मागे सरकवायची. वॉकरवर भार घ्यायला दंडात जोर हवा म्हणून खुर्चीच्या हातांवर रेटून बूड उचलायचं. दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन खांद्यापर्यंत न्यायच्या. आमच्या माजघराची तालीम झाली होती आणि त्या तालमीत डोक्याला रुमाल बांधलेली, नवऱ्याची पँट घातलेली एक बाई धापा टाकत होती. मिस्टर आत यायचे, बघायचे, आणि पुन्हा बाहेर जायचे.

एक्स-रे चांगला आला तेव्हा मॅडमनी पायाला वजन बांधायला सांगितलं. "अर्धा किलो बस. वाळूची छोटी पिशवी शिवून घ्या."

त्या दुपारी घरात वाळू आणून देणारं कुणी नव्हतं, आणि मला थांबणं माहीत नाही. खाटेच्या उशाशीच शाळूची, म्हणजे ज्वारीची, कोठी. स्वयंपाकघरातला वजनकाटा मी औषधांशेजारी आधीच मागवून ठेवला होता. मिस्टरांचा एक जाड मोजा घेतला, त्यात अर्धा किलो शाळू भरला, तोंडाला गाठ मारली आणि परकराच्या नाडीने घोट्याला बांधून टाकला. वजन नेमकं, शिवण नको, वाळूची कचकच नको. मला माझंच कौतुक वाटलं. दोन दिवस मी त्या मोज्यासकट पाय वर-खाली करत राहिले.

तिसऱ्या दिवशी शेजारीण मला बघायला आली, आळीतल्या आणखी दोघींना घेऊन. आजारी माणसाला बघायला येणं हा आमच्याकडचा नेम आहे. बिस्किटाचा पुडा द्यायचा, खाटेभोवती बसायचं आणि पायाकडे बघत राहायचं. या शेजारणीचं आणि माझं बरं नव्हतं. तिच्या म्हशींच्या गोठ्याचं पाणी आमच्या परसात यायचं. मी एकदा तोंडी सांगितलं आणि मग सरळ नगरपालिकेत लेखी अर्ज दिला. तेव्हापासून ती मला "अर्जवाल्या वैनी" म्हणते, तोंडावर.

आत्याबाई माझ्या पायावरची चादर नीट करायला वाकल्या आणि त्यांचा हात मोज्याला लागला.

"ह्यात काय हाय गं?"

"वजन आहे, आत्याबाई. व्यायामाचं."

"कशाचं वजन?"

त्यांनी मोजा दाबून पाहिला, गाठ सोडली, चार दाणे काढून एक दाताखाली फोडला.

"शाळू!" त्यांचा आवाज घरभर गेला. "पायाला शाळू बांधलास?"

"आत्याबाई, तो मोज्यात आहे, पायाला लागत—"

"मोजा? माझ्या ल्योकाचा मोजा? आगं, ज्याच्यावर जगायचं त्येला मोज्यात घालून लाथा झाडतीस व्हय? वर-खाली, वर-खाली. दिसत नसलं तरी खाटंचा आवाज येतुया मला!"

"आवं आत्या, शिकलेल्या लोकांचं न्यारंच असतंय," शेजारीण म्हणाली. "आमची म्हसबी सांडलेल्या शाळवावर पाय देत न्हाई. आदी हुंगती, मग खाती."

बाकीच्या दोघींनी तोंडाला पदर लावले.

"हसू नगासा," आत्याबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "चुकलं म्हण."

त्यांनी तो शाळू ओच्यात ओतून घेतला होता. मी उठून बसले, तिघींच्या देखत त्या धान्याला हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं."

आत्याबाईंपुढे अंधश्रद्धा वगैरे म्हणायची सोय नव्हती, आणि तसं काही मनातही आलं नाही. धान्याला पाय लागला की वाकून हात लावून कपाळाला न्यायचा, हे मी लहानपणापासून करत आलेय. ऑफिसातल्या कागदालासुद्धा पाय लागला तर करते. वजन, काटा, गाठ, नाडी, या सगळ्याचा विचार केला आणि नेमकी एवढी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मिस्टरांकडून बांधकामावरची थोडी वाळू मागवून घेतली आणि मागच्या दारात उन्हाला बसून स्वतः पिशवी शिवली. सुईत दोरा मिस्टरांनी ओवून दिला. कापड त्यांच्या जुन्या लुगड्याचं. आत्याबाईंच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, आळीत नावाजलेल्या आहेत. आष्ट्यात कुणाच्या घरी बारसं असलं की पूर्वी पहिली वाकळ त्यांच्या हातची जायची. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि ओळ आखून घेतल्यासारखी सरळ.

पिशवी पायाला बांधली आणि पाय उचलला तर गादीवर वाळू. पुन्हा उचलला, पुन्हा वाळू. मी वैतागले. चादर झटकायलासुद्धा मला कुणालातरी हाक मारावी लागायची. चष्मा लावून पिशवी उजेडात धरली. काही टाके एकावर एक पडले होते. काही ठिकाणी करंगळी जाईल एवढी फट. आणि काही ठिकाणी सुई कापडात शिरलीच नव्हती. दोरा नुसता बाहेरून वेढा घालून गेला होता. कोपऱ्यावर सुकलेल्या रक्ताचा डाग होता. सुई बोटात गेली असणार.

मिस्टर म्हणत होते, डॉक्टर सांगत होते, पण आत्याबाईंना किती दिसत नाही हे मला त्या पिशवीने दाखवलं. ज्या बाईला स्वतःच्या बोटापुढची सुई दिसत नव्हती ती माझं भांडं घेऊन रोज पायऱ्या उतरत होती.

ती पिशवी मी दुसरीकडून शिवून घेतली नाही. त्यांना कळलं असतं. चादर खराब होत राहिली.

त्यानंतर मी घाई केली. मॅडमनी वॉकर धरून उजव्या पायावर थोडा भार द्यायला परवानगी दिली होती. हात सोडायची नव्हती. पण मला दिसत होतं ते एकच वाक्य. तू चुलीपाशी उभी राहिलीस की मी जाते. ठरवलं, एकदा त्यांना चुलीपाशी उभं राहून दाखवायचं. मॅडमना विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

सकाळी त्या भांडं घेऊन परसात गेल्या तशी मी वॉकर घेऊन स्वयंपाकघरात गेले. गॅसच्या ओट्याला पोट टेकवून उभी राहिले. चहाचं आधण ठेवलं. आत्याबाई परत येतील, वास येईल, विचारतील कुणी ठेवला, आणि मी म्हणेन, मी. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता. त्यासाठी मी हात सोडला.

गुडघा कुणीतरी मागून लाथ मारावी तसा दुमडला. वॉकर आडवा पडला, डबा पडला, मी खाली आले. तो आवाज आत्याबाईंनी परसात ऐकला आणि त्या धावल्या. रोज चाचपत येणाऱ्या आत्याबाई त्या दिवशी भिंत विसरल्या. धाडकन चौकटीवर आपटल्या आणि दारातच खाली बसल्या.

मी स्वयंपाकघरात खाली, त्या मागच्या दारात खाली. त्यांच्या भुवईतून रक्त येऊन डोळ्यात उतरत होतं आणि त्या विचारत होत्या, "पडलीस का गं? लय लागलं का?"

मला त्यांच्यापर्यंत सरकताही येईना. मी नुसतं "आत्याबाई, रक्त पुसा, रक्त पुसा" ओरडत राहिले. शेजारीण शेणाच्या हातांनी कुंपणावरून आली. आधी गॅस बंद केला, हात धुतले, आत्याबाईंच्या कपाळाला कपडा बांधला, आणि मग माझ्या काखेत हात घालून मला उचललं. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

माझं हाड जागेवर होतं, गुडघा मात्र सुजून घागरीसारखा झाला. मॅडम खूप रागावल्या. "काकू, तुमच्या ऑफिसात तारीख चालत असेल, मांडीला तारीख कळत नाही. तिला रोजचं कळतं फक्त." मी शाळेत विद्यार्थी उभे राहतात तशी मान खाली घालून बसले होते. चुकीची शिक्षा म्हणजे पुन्हा टॉवेलची गुंडाळी.

आत्याबाईंच्या भुवईला टाके पडले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळा वाचलाय, पण आता थांबू नका, पुढच्या आठवड्यातच घेऊन या. मिस्टरांनी घरी येऊन ते सांगितलं.

"मग हिचं कोण करनार?" आत्याबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

मी दुपारभर डोक्यात माणसं मोजली. मलकापूरची नणंद, तिच्या घरी बारावीचा मुलगा. माझी बहीण, तिचीच कंबर धरलेली. भावजय, नोकरी. प्रत्येक नावापुढे कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. शेवटी एकच माणूस उरलं. ते खिडकीतून दिसत होतं, गोठा झाडताना.

मी हाक मारली. ती खराटा हातात घेऊनच खिडकीशी आली.

"का वं वैनी? पाणी आलं काय परत तुमच्याकडं?"

"नाही. जरा आत येता?"

ती आली. मी बसा म्हटलं तर उभीच राहिली.

"आत्याबाईंना ऑपरेशनला न्यायचंय," मी म्हणाले. "त्या जात नाहीत. माझ्यामुळे. सकाळचं माझं..." पुढचा शब्द निघेना. एवढ्या वर्षांत मी शेकडो अर्ज लिहिले, लिहून दिले, दुरुस्त केले. एक वाक्य मला तोंडाने बोलता येत नव्हतं. मी कमोडच्या खुर्चीकडे बोट केलं.

तिने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अर्ज कुठाय?" ती म्हणाली.

मी मान खाली घातली. डोळे भरून आले ते तिला दिसू नयेत म्हणून चादरीवरची वाळू झटकायला लागले.

"आवं, आवं, चेष्टा केली! रडताय काय! रोज पाट्या-पाट्यानं शेण काढती मी, तुमचं त्ये केवढं?" आणि मग खिडकीतून परसाकडे तोंड करून ती ओरडली, "आत्याऽ! जावा तुमी डोळं करायला! वैनींचं भांडं मी वतती!"

सगळ्या आळीने ऐकलं. समोरच्या घराचा रेडिओसुद्धा थांबल्यासारखा वाटला.

आत्याबाई आत आल्या, चौकट धरून. "परक्या बाईला कशाला..." त्यांनी सुरुवात केली.

"लाज गेली तर माझी जाईल, आत्याबाई," मी म्हणाले. "तुमचे डोळे जायला नकोत."

त्या चाचपत कमोडच्या खुर्चीपाशी आल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, "झाकण घालून न्यायचं. आन वर राख टाकायची."

"व्हय वं आत्या, मला काय कळत न्हाई काय."

पहिल्या सकाळी ती आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने भांडं उचललं, नेलं, धुऊन आणून ठेवलं. सगळा वेळ तिच्या म्हशीची नवी रेडी कशी दूध पिईना ते सांगत होती.

"तोंड हिकडं करा की," ती म्हणाली. "मी काय पोलीस न्हाई."

लोक म्हणतात सवय होते. मला झाली नाही. दुसऱ्या दिवशीही भिंतीकडेच तोंड केलं, तिसऱ्याही. शरम तेवढीच राहिली. फक्त ती असतानाही सकाळ उरकते हे कळलं. नगरपालिकेतला अर्ज मी मागे घेतला नाही. पाणी खरंच येतं. पण तिने विचारलंही नाही.

आत्याबाईंचा उजवा डोळा आधी झाला. काळा चष्मा लावून त्या जीपमधून उतरल्या तेव्हा मिस्टरांनी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. वाकायचं नाही, उचलायचं नाही, धुरात जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून शेजारणीचं येणं चालूच राहिलं. मी मॅडम सांगतील तेवढंच करत होते, एक पाऊल पुढे नाही. खुर्चीतून हात न लावता उठणं. पाटावर चढणं, उतरणं. मग दाराशी जाऊन नुसती पहिली पायरी, कठड्याला धरून. एक दिवस मॅडम म्हणाल्या, "उद्या वॉकर नको, काठी घ्या, आणि जा बाथरूमला. एकट्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारात उभी राहिले. आत्याबाई परसात खुर्ची टाकून उन्हाला बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. मी गाऊनमध्ये होते, पोटऱ्या उघड्या. काठी खालच्या पायरीवर ठेवली, मोडलेला पाय तिच्या मागून उतरवला. गुडघा थरथरत होता आणि मी त्याच्याकडेच बघत होते. मान वर केली तर आत्याबाईंनी काळा चष्मा कपाळावर सरकवला होता.

इतके महिने त्यांनी माझं सगळं केलं होतं आणि मला पाहिलं नव्हतं. त्यांच्या न दिसण्याच्या आडोशाला मी राहत होते, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. आता आडोसा गेला होता.

"एवढीशी झालीया पिंढरी?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी खालचा. "आगं, काटकी झालीया की. आन मी म्हनायची, नुसती पडून ऱ्हाती."

मी एका हाताने गाऊन खाली ओढायला गेले आणि तोल जायला लागला, म्हणून सोडून दिलं.

"चष्मा लावा, आत्याबाई. ऊन लागतंय. बघू नका."

"बघायचं न्हाई तर डोळं कशाला केलं गं?"

पुढची पायरी होती. काठी, मोडलेला पाय, मग चांगला. फरशी. टाकीचा काठ डाव्या हाताला होता, त्याला धरलं. पाठीवर त्यांची नजर कळत होती, कान तापले होते, आणि भरभर चालून त्या नजरेतून सुटायची सोय नव्हती. मी बाथरूमचं दार लावेपर्यंत त्या बघत होत्या.